बाराब्रीथच्या यादीतली चौथी

ब्रिनहेलिग,
मंगळवार

आदरणीय एर्लिसताई,

डोंगराच्या अलीकडून तुझ्या धाकट्या मावसबहिणीचा नमस्कार. (सध्या मी रागात आहे, म्हणून तो कोपरापासून समज. राग उतरला की समक्ष येऊन नीट वाकून करीन.) इकडे आम्ही दोघं ठीक. इडवलचा खोकला त्याच्या जागी, माझा रक्तदाब माझ्या जागी. पण आमचं राहू दे, आधी तुझ्या प्रकृतीचं सविस्तर कळव. गुडघा कसा आहे? एमलिनभाऊजी बाजारात इडवलला भेटले तेव्हा म्हणाले की हल्ली तू जिना खेकड्यासारखी आडवी उतरतेस. अशा गुडघ्यावर फार वेळ उभं राहणं बरं नाही, विशेषतः चॅपलच्या मागच्या हॉलात, जिथली फरशी उन्हाळ्यातसुद्धा गारठलेली असते. धाप लागते का? घोटे सुजतात का? डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं असेल तर घे, आणि तसं लिहून दिलं असेल तर तो कागद जपून ठेव. असे कागद केव्हा कामाला येतील सांगता येत नाही.

फोन असताना ही बाई पत्र का लिहीत बसते, असं तू भाऊजींना विचारशील. कारण असं की फोनवर मी तावातावानं बोलायला लागले की तू तो मेजावर ठेवून बटाटे सोलायला घेतेस (सोलण्याचा आवाज मला येतो), आणि माझं वाक्य संपायच्या आत 'बरं' म्हणून ठेवून देतेस. लग्न होऊन अबरकेलीला गेल्यापासून तुला ही खोड लागली आहे. पत्रही तुला मध्येच बाजूला ठेवता येईल म्हणा, पण ते मेजावर पडल्या पडल्या तुझ्याकडे बघत राहील, आणि कधी ना कधी तू ते उचलशील.

तर विषय येत्या मे महिन्यातल्या सेनेदच्या, म्हणजे कार्डिफच्या आपल्या संसदेच्या निवडणुकीचा. मतदानाची नवी पद्धत तुला कळली का? नसेल तर सुखी आहेस. मला कळली आहे, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. पूर्वी कसं, दोन मतं असायची, एक माणसाला आणि एक पक्षाला. माणसाला द्यायचं ते आपण आपल्या माणसाला द्यायचो. आपला माणूस फार कर्तबगार होता असं मी म्हणत नाही. खालच्या पुलाचं काम 'होतंय, होतंय' म्हणता म्हणता त्याचे केस गेले. पण शनिवारी तो बाजारात चीज घ्यायला यायचा आणि तिथं त्याला गाठून चार शब्द सुनावता यायचे. रागवायला आपला हक्काचा होता. आता तसं नाही. अख्ख्या वेल्सचे सोळा तुकडे, दर तुकड्यातून सहा जण, म्हणजे कार्डिफला शहाण्णव टाळकी. आणि आपल्या हातात एक कागद, एक फुली, आणि तीसुद्धा पक्षावर मारायची. (अपक्ष उभा असेल तर त्याच्यावर मारता येते. त्याचं पुढं येतंच.) पक्षानं आपली माणसं आधीच बंद खोलीत बसून रांगेत उभी केलेली असतात. पक्षाला दोन जागा मिळाल्या की पहिले दोन आत, बाकीचे घरी. तुला तिसरी बाई आवडते? आवडू दे. पहिल्याचं तोंड बघवत नाही? नको बघूस. रांग हलायची नाही. अगं, मासे घेतानासुद्धा आपण बोट दाखवून सांगतो, हा नको, तो द्या.

बरं, तुकडे तरी धड पाडावेत. तुमचं खोरं आणि आमचं खोरं एकाच मतदारसंघात. आणखी दोन खोरी आणि थोडा समुद्रकिनाराही त्यात आहे म्हणतात, पण त्यांच्याशी आपलं काही वाकडं नाही. मतदारसंघाचं नाव फक्त आपल्या भाषेत ठेवलंय, ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू. आमच्या शेजारचा डेरेक (बर्मिंगहॅमहून निवृत्त होऊन आलेला, दोन कुत्रेवाला) ते म्हणायला गेला की त्याला शिंक येतेय असं वाटतं, आणि मी मुद्दाम 'पुन्हा म्हणा बरं' म्हणते. पण ब्रिनहेलिग आणि अबरकेली एकत्र? मध्ये एवढा थोरला डोंगर आहे तो काय शोभेला? तुमच्या पुरुषांच्या गायनमंडळानं आमचा एकुलता एक उंच पट्टीचा गायक फितवून नेला, ते इथं कुणी विसरलेलं नाही. (तू तिकडे लग्न करून गेलीस तेही विसरलेले नाहीत, पण तुझ्या बाबतीत आम्ही मनाची समजूत घातली.)

हे सगळं कार्डिफपुरतं राहिलं असतं तर मी दातओठ खाऊन गप्प बसले असते. पण आमचे पाळक, एल्गन प्राइस, तुमचेही तेच, डोंगराच्या दोन्ही अंगांची पाच चॅपलं सांभाळतात, विजेच्या गाडीतून फिरतात आणि प्रार्थना चालू असताना खिडकीतून गाडी चार्ज होतेय का ते बघतात. त्यांच्या डोक्यात आलं की मतदारसंघ एक झाला, तर यंदाचा गायनमेळाही दोन्ही खोऱ्यांचा एकच करावा, आमच्या सायलो चॅपलात. इथवर ठीक. मग म्हणाले, मेळ्यानंतरच्या चहाला दरवर्षी झाडून सगळ्या बायका थाळ्या भरभरून आणतात, निम्मं उरतं आणि मला आठवडाभर खावं लागतं. (खावं लागतं म्हणे. डबे भरून गाडीत ठेवताना चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही कधी.) म्हणून यंदा चहाला सहाच थाळ्या. आणि त्या कुणाच्या, हे नव्या पद्धतीनं मत घेऊन ठरवायचं, म्हणजे मेआधी लोकांचा सरावही होईल. पदार्थ हेच पक्ष. चहात भिजवलेल्या मनुकांचा केक, म्हणजे आपला बाराब्रीथ, हा एक पक्ष, तव्यावर भाजलेले केक हा दुसरा, सफरचंदाची टार्ट हा तिसरा. प्रत्येकानं आपल्या बायकांची क्रमवार यादी द्यायची. खऱ्या निवडणुकीसारखं सोळा वर्षांच्या पोरांनाही मत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि आता मला माझ्याच हातांचा राग येतो.

ताई, तूच सांग, ब्रिनहेलिगमध्ये बाराब्रीथ म्हटलं की कुणाचं नाव निघतं? मी माझ्या तोंडानं म्हणत नाही. आधी आजी करायची, मग आई, मग मी. त्याच निळ्या थाळीतून, जिची एक कड उडालेली आहे. (ती तूच उडवलीस, मागच्या पायरीवर, आणि आळ मांजरावर घातलास. आई जाईपर्यंत मी ब्र काढला नाही.) सायलोच्या टेबलावर चहाच्या पिंपाच्या डाव्या हाताला ती ठेवायची जागा ठरलेली. मेळा आटोपून, गाऊन घसे सुकलेले लोक आत येतात, आधी तिकडे नजर टाकतात, थाळी दिसली की मग खुर्ची ओढतात. दर वर्षी हेच.

बाराब्रीथ पक्षाची बैठक नेस्टाच्या स्वयंपाकघरात झाली. नेस्टा म्हणजे पोस्टातली. बाई चांगली आहे, पण तिचं माहेर तुमच्या अबरकेलीचं, आणि तुमच्याकडे कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची पद्धत. तिनं पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले, पेन्सिल ओली केली आणि विचारलं, "टेग्वेन, तुला कितवी टाकू?"

आता अशा वेळी आपल्या ब्रिनहेलिगमध्ये काय म्हणतात, हे तुला मी सांगायला हवं का? आपल्याकडे केकचा तुकडा पुढे आला तरी आधी नको म्हणायचं. ते म्हणतात, घ्या हो. पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणाले की 'एवढा आग्रह करताय तर' असं म्हणून थाळीतला सगळ्यात मोठा तुकडा उचलायचा. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी बाई हावरट आणि दुसऱ्यांदा न विचारणारी बाई कंजूष, हे आपल्या आयांनी आपल्याला बोलता यायच्या आधी शिकवलं. तर मी रीतीप्रमाणे म्हणाले, "छे गं, मला कसला आलाय नंबर. टाक कुठंही. शेवटी टाकलंस तरी चालेल." आणि मान खाली घालून दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसले. नेस्टानं विचारलं नाही. तिनं लिहिलं. पेन्सिलीचा खरखर आवाज मला ऐकू आला. पहिली ती स्वतः. दुसऱ्या नंबरावर पाळकांच्या सासूबाई (ज्यांचा ओव्हन गेली कित्येक वर्षं फक्त जुनी पातेली ठेवायला आहे). तिसरी डोंगरापलीकडची हवी म्हणून तिनं तिथल्या तिथं तुला फोन लावला. आणि तू पहिल्या विचारण्यालाच 'बरं' म्हणालीस. मी समोरच बसले होते, तुझा आवाज फोनातून बाहेर येत होता. मावशीनं तुला असं वाढवलं नव्हतं. चौथी मी.

मतदानाच्या दिवशी सायलोच्या हॉलात रीतसर आडोसे उभे केले. माझ्याच शिवणाच्या मशीनचं झाकण उलटं करून मतपेटी म्हणून ठेवलं, म्हणजे माझ्याच झाकणात माझी शोभा. अर्धं गाव मत टाकून माझ्या कानाशी येऊन म्हणून गेलं, टेग्वेन, तुलाच दिलं हो. मी सांगत होते, अहो, मला देता येत नाही, बाराब्रीथला देता येतं. ते म्हणाले, तेच ते. मी म्हटलं, तेच ते नाही. त्यांनी मला थोपटलं, आजारी माणसाला थोपटतात तसं. इडवलनं कुणाला मत दिलं ते तो सांगत नाही. मतदान गुप्त असतं म्हणाला. जन्मभर ज्याचे पायमोजेसुद्धा मी काढून ठेवते, त्या माणसाला आता गुपितं सुचायला लागली. (त्याच्या कोटाच्या खिशात चॉकलेटचा चुरा सापडला. मी अजून बोललेले नाही.)

चॉकलेट आलं कुठून, तर डेरेककडून. डेरेक अपक्ष उभा राहिला होता, चॉकलेटचे चौकोनी तुकडे घेऊन. चॅपलात आजवर त्यानं फक्त छपराच्या गळतीबद्दल तक्रार करायला पाऊल टाकलं होतं. पण गावातली यच्चयावत पोरं त्याच्यामागं. मोजणी झाली तेव्हा बाराब्रीथला साठ मतं, डेरेकला चव्वेचाळीस, तवाकेकला अडतीस आणि टार्टला सतरा. मी म्हटलं, झालं, सगळ्यात जास्त आपल्याला, चार थाळ्या कुठं गेल्या नाहीत. तर पाळकांनी फळा ओढला आणि भागाकार मांडला. म्हणे ज्याला एक थाळी मिळाली त्याची मतं दोननं भागायची, दोन मिळाल्या की तीननं, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला पुढची थाळी. ही युक्ती बेल्जियमच्या कुणा वकिलानं काढली, त्याचं नाव डोन्ट. पाळक फळ्यापाशी उभे राहून मोठ्यानं 'डोन्ट, डोन्ट' म्हणायला लागले. डेरेकला वाटलं, आपल्यालाच 'नको, नको' म्हणतायत, आणि बिचारा कुत्र्यांचे पट्टे उचलून निघाला. त्याला दारातून परत आणावा लागला. एवढी मतं पडूनही त्याला थाळी एकच, कारण एकटा माणूस दोनदा निवडून येत नाही, आणि त्याच्याहून कमी मतं मिळालेल्या तवाकेकवाल्यांना दोन. हा न्याय. त्याच्यासाठी मी भांडले असते, पण तोवर माझाच भागाकार फळ्यावर आला. बाराब्रीथला तीन. नेस्टा, सासूबाई, तू. सातवी थाळी असती तरी ती टार्टला गेली असती. मी घरी येऊन पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

मी पाळकांना हॉलच्या कोपऱ्यात गाठलं. विचारलं, लोकांनी मत कुणाला दिलं?

"बाराब्रीथला, टेग्वेनबाई."

"आणि कुणाचा बाराब्रीथ आठवून दिलं?"

"ते मतपत्रिकेवर विचारलेलं नसतं," ते म्हणाले, आणि खिडकीतून गाडीकडे बघितलं.

म्हणजे बघ, तोंडात माझी चव ठेवून लोकांनी फुली मारली, आणि थाळ्या येणार कुणाच्या? सासूबाईंचा बाराब्रीथ दुकानातून येईल, वरचा कागद तेवढा काढलेला असेल. नेस्टा त्यात चेरी घालते. तुझ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तुझा कापायला सुरीला दोनदा जोर लावावा लागतो, एवढंच. चहात बुडवला की जातो खाली. आणि मेमध्ये हेच सगळ्या देशाचं होणार आहे. माणूस एकीला आठवून फुली मारणार आणि कार्डिफला जाणार दुसरीच, कापायला कठीण.

घरी आले, निळी थाळी फडताळातून काढली, पुसली आणि परत ठेवली. मग मला रडू आलं, ताई. केकपायी रडणारी बायको कशी समजवायची ते इडवलला कळेना, म्हणून त्यानं चहाचं आधण ठेवलं. मला केकचं नाही, थाळीचं वाईट वाटलं. पिंपाच्या डाव्या हाताला ती नसली म्हणजे आईही तिथं नाही, असं काहीतरी वाटलं. नीट लिहिता येत नाही. तू म्हणशील, दे की मला, मी ठेवते त्यात माझा. देणार नाही. त्या थाळीत कोरडा बाराब्रीथ आजवर कुणी ठेवलेला नाही.

काल पावसात दारावर कुणी तरी आलं. बघते तर नखशिखांत भिजलेला एक गृहस्थ, हातात पत्रकांचा गठ्ठा. खरा उमेदवार, मेच्या निवडणुकीचा. नाव गेथिन, शाळेत भूगोल शिकवतो. पत्रकावर फोटो दुसऱ्याच बाईचा. मी विचारलं, मग तुम्ही कोण? म्हणाला, "मी पाचवा." विचारलं, निवडून याल का? म्हणाला, "नाही. पण पक्षाला तुमचं मत मिळालं तर बरं होईल." ज्या सरळपणे तो म्हणाला ना, माझा जीव गलबलला. मी त्याला आत घेतलं, शेगडीसमोर बसवलं, त्याचे बूट उलटे करून पाणी काढलं. चौथीनं पाचव्याला विचारायचं नाही तर कुणी? बाराब्रीथ पुढे केला. नको म्हणाला. पुन्हा केला. पुन्हा नको. तिसऱ्यांदा केला तेव्हा त्यानं सगळ्यात मोठा तुकडा उचलला. मी ओळखलं, हा आपल्यातला. त्याची आजी इथलीच निघाली, वरच्या आळीतली.

त्यानं मला पुष्कळ समजावलं. निवडून आलेल्यातलं कुणी मध्येच जागा सोडली किंवा देवाघरी गेलं, तर आता पोटनिवडणूक नाही. त्याच यादीतला पुढचा माणूस गुपचूप आत. "त्यामुळे वरच्या चौघांच्या तब्येतीकडे माझं बारीक लक्ष असतं," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, लाजू नका, काळजी करणं चांगलंच. (गुडघ्याला शेक देतेस ना? फार देऊ नकोस, कातडी भाजते.) जाताना त्यानं पुन्हा पत्रक हातात ठेवलं. मला वाटतं मी त्यालाच मत देईन. म्हणजे देईन त्याला आणि जाईल त्या फोटोतल्या बाईला, आणि मे उजाडला की मी त्याच्याही कानाशी जाऊन म्हणेन, तुलाच दिलं हो.

असो. तुझ्याशिवाय मन मोकळं करायला मला आहे कोण. माझा तुझ्यावर राग नाही. राग आहे, पण तो पद्धतीवर आहे. तू निवडून आलीस यात तुझा दोष नाही, 'बरं' म्हणालीस त्यात आहे. भाऊजींना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, हिला जिन्यावरून फार चढउतार करू देऊ नका, आणि मेळ्याच्या आठवड्यात तर मुळीच नको. प्रकृतीला जप, हेच मागणं.

तुझी,
भागाकारात उरलेली,
टेग्वेन

ता. क. गुडघ्याचं मी वरती उगाच विचारलं नाही. पाळकांकडे सहज चौकशी करून ठेवली आहे. मेळ्याआधी एखादीनं प्रकृतीच्या कारणानं माघार घेतली तर पुन्हा मतदान नाही, त्याच यादीतली पुढची. पुढची मी. फार आजारी पडायची गरज नाही, शुक्रवारपर्यंत चार ओळी लिहून पाठवल्यास तरी पुरे. नेस्टाकडे बघून आले, ती घोड्यासारखी धडधाकट आहे. सासूबाई जाहीरपणे आजारी आहेत, पण मेले तरी थाळी सोडणार नाही म्हणाल्या. उरलीस तू.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तुझाच फोन आला. तू काय म्हणालीस ते मी इथं पुन्हा लिहिते, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं आहे. "टेग्वेन, गुडघा काही उभं राहू देत नाही. आणि खरं सांगू? माझा बाराब्रीथ कोरडा होतो. मावशीची थाळी तुझ्या हातूनच तिथं जाऊ दे. माझी जागा घेतेस का?" ताई, माझे डोळे भरून आले, आणि तोंडातून, देव मला क्षमा करो, बाहेर पडलं, "छे गं, असं कसं, तुझी जागा ती तुझीच." आणि मी मान खाली घालून वाट बघत राहिले.

"बरं," तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

ता. क. तिसरा. मी उलट फोन करू शकत नाही, मागून घेतल्यासारखं होईल. टपालानं पत्र पोचायला उशीर होईल, म्हणून इडवल ते घेऊन आत्ताच गाडीनं डोंगर ओलांडतोय. त्याच्याबरोबर निळी थाळीही दिली आहे. दारावर आलेल्या सगळ्या पक्षांच्या पत्रकांत गुंडाळली आहे, त्यांचा तेवढा तरी उपयोग झाला. मेळ्याला तूच आलीस तर ती पिंपाच्या डाव्या हाताला ठेव, उडालेली कड भिंतीकडे. आणि मनुका आदल्या रात्री कडक चहात भिजव, चहा गार झाल्यावर नाही, गरम असतानाच, साखर त्यातच घालून. पिठात संत्र्याचा मुरंबा एक चमचा. हे आईनं कुणालाही सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं, मावशीलासुद्धा.

पण ते पुढचं. आधी इडवलला चहाला बसव आणि मला फोन कर. मी फोनजवळच बसले आहे. तू पुन्हा विचार. मी पुन्हा नको म्हणेन, पण या वेळी जरा हळू. तेवढं ऐकून फोन ठेवू नकोस.